विसार, वाट आणि पाणी

सोलापुरात घर बघायला गेलेला माणूस उन्हाची चौकशी करतो ती ऊन टाळण्यासाठी. पश्चिमेची भिंत दुपारनंतर किती तापते, गच्चीला पांढरा रंग मारलाय का, कूलर कुठल्या खिडकीत बसेल, आणि खालची टाकी किती लिटरची. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दुपारी नवी पेठेतला रस्ताही ओस पडतो. खरेदीखतं, साठेखतं, वाटणीपत्रं करण्यात माझी सगळी वकिली गेली, पण ‘ऊन चांगलं येतं’ म्हणून चार पैसे जास्त मोजलेला व्यवहार माझ्या टेबलावर कधी आला नाही.

धाकट्या भावाचा फोन आला, “अक्का, स्पेनला घर बघतोय. उन्हासाठी.” तेव्हा मी त्याला आधी पुरतं बोलू दिलं. पंचविशीत इंग्लंडला गेला तो तिथलाच झाला. तिथल्या हिवाळ्यात दुपारी चारला दिवे लावावे लागतात, सूर्य दिसला तर शेजारी एकमेकांना हाक मारून सांगतात. भावजयीचे सांधे नोव्हेंबरपासून धरतात ते मार्चपर्यंत सुटत नाहीत. तिथून विमानानं तीनेक तासांवर मालागा आहे. भर जानेवारीत तिथं दुपारी १६-१७ अंश तापमान असतं आणि आकाश आपल्याकडच्या डिसेंबरसारखं निरभ्र. नेरहापासून मनिल्वापर्यंतच्या त्या किनाऱ्याला ‘कोस्टा देल सोल’ म्हणतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मासेमारी करणाऱ्या खेड्यांची तिथं हॉटेलं झाली, मग बंगल्यांच्या वसाहती, मग सत्तरहून जास्त गोल्फ मैदानं. धाकटा गोल्फ खेळतो, भावजयीला डोंगर चालायला आवडतात. दोघांचं एकाच ठिकाणी जमत होतं.

“कागद तू बघ,” तो म्हणाला. स्पॅनिश मला येत नाही हे त्याला माहीत होतं. पण कागदावर नाव कुणाचं, बोजा कुणाचा आणि हद्द कुठली, हे विचारायला भाषेपेक्षा सवय लागते. कोजागरीला तुळजापूरची पायवारी केली आणि त्यानंतर मी निघाले.

कागदांपासूनच सांगते, कारण तिथं मला खूप काही शिकायला मिळालं.

आपण सातबारा काढतो तसा तिथं नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिंप्ले’ नावाचा उतारा काढतात. बहुतेक वेळा दोन-तीन पानांचा. मिळकतीचं वर्णन, मालक कोण आणि कसा झाला, आणि तिसरा भाग बोज्यांचा: गहाण, जप्ती, दुसऱ्याचे हक्क. आपल्या सातबारावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचायची सवय असलेल्या माणसाचा डोळा थेट या तिसऱ्या भागावर जातो. परक्या माणसाला आधी एक ओळख क्रमांक काढावा लागतो, त्याशिवाय ना घर घेता येतं ना विजेचं मीटर. मग येतो विसार. त्याला ते ‘अर्रास’ म्हणतात, रूढ रक्कम किमतीच्या १० टक्के. तिथल्या दिवाणी संहितेचं १४५४ वं कलम सांगतं की घेणारा फिरला तर विसार बुडाला, आणि विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. करारात विसार त्या प्रकारचा असल्याचं स्पष्ट लिहिलेलं मात्र हवं. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपल्याकडे विकणाऱ्याला मधेच कुणी जास्त भाव दिला की तो फोन उचलत नाही, आणि आपल्या पक्षकाराला करारपूर्तीचा दावा लावून वर्षानुवर्षं तारखा बघत बसावं लागतं. दुपटीची ती एक ओळ आपल्या साठेखतात सवयीनं लिहिली जाऊ लागली, तरी कितीतरी शब्द पाळले जातील असं मला मनापासून वाटतं.

मालागा ज्या प्रांतात येतं त्या आंदालुसियात जुन्या घरावर ७ टक्के हस्तांतरण कर लागतो. घर कोरं असेल तर १० टक्के मूल्यवर्धित कर आणि वर १.२ टक्के मुद्रांक. सोसायटीची थकबाकी घराबरोबर येते, चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची. घर रिकामं ठेवलं तरी बिगररहिवाशाला दरवर्षी मानीव उत्पन्नावर कर भरावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर घेतलं म्हणून राहायचा हक्क मिळत नाही. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर निवास परवाना देण्याची योजना २०१३ साली आली होती, ती ३ एप्रिल २०२५ला बंद झाली. ब्रिटिश पासपोर्टवर धाकट्याला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल. म्हणजे घर बारमाही आणि मालक पाहुणा. इथून कुणाला घ्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच पैसे बाहेर पाठवता येतात आणि ती मालमत्ता प्राप्तिकर विवरणात दाखवावी लागते. हे सगळं दलाल विचारल्यावर सांगतो, न विचारता सांगत नाही. दलाल जगात सगळीकडे सारखेच.

दलालानं पहिल्यांदा जी घरं दाखवली ती सगळी ‘गोल्फ फ्रंट’ होती. बाल्कनीत उभं राहिलं की समोर उतरत गेलेली हिरवळ, मधे एखादं तळं, पलीकडे समुद्राची निळी पट्टी. ऑक्टोबर होता. उन्हाळाभर पाऊस न झालेले मागचे डोंगर आपल्या बार्शीकडच्या माळासारखे पिवळे पडले होते, आणि त्यांच्या पायथ्याशी ही एवढी हिरवळ. किंमत त्या हिरवळीची होती. तसंच घर रस्त्यापलीकडे, मैदान न दिसणारं, बऱ्यापैकी स्वस्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याबरोबर मैदानावर गेले. त्याच्यासाठी सोलापूरहून टेरी टॉवेल नेले होते, त्यातला एक त्यानं काठ्यांच्या पिशवीला अडकवला होता. चेंडू पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही, असं त्याच्या मित्रांनीही सांगितलं आणि मला बरं वाटलं. आमच्या गल्लीतल्या मागावर विणलेली वस्तू तिथं हातोहात फिरत होती.

गोल्फ मी पहिल्यांदा जवळून बघितला. लांबून वाटतं तसा तो बसल्याजागचा खेळ नाही. अठरा होल करायचे तर सहा-सात किलोमीटर चालणं होतं, आणि दोन फटक्यांमधला वेळ सगळा चालण्यात जातो. ज्या छिद्रात चेंडू घालायचा ते जेमतेम सव्वाचार इंचांचं, आणि तिथपर्यंत पोचायला कधी चारशे मीटर. लहानपणी एका जागी पाच मिनिटं न बसणारा माझा भाऊ ग्रीनवर गुडघा टेकून गवताचा उतार निरखत बसला होता. त्या मुलखात या खेळाला मोठा मान आहे. शेजारच्या सोतोग्रांदेतल्या वाल्देरामा मैदानावर १९९७ साली रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका अशी संघांची स्पर्धा) झाला तो ब्रिटिश बेटांबाहेर युरोपात झालेला पहिला, आणि युरोपच्या संघाचा बिनखेळाडू कर्णधार होता स्पेनचाच सेवे बायेस्तेरोस. त्याचं नाव घेताना तिथला मैदान सांभाळणारा म्हातारा हातातलं काम थांबवतो.

त्या म्हाताऱ्यामुळेच मला गवत कळलं. फेअरवेच्या, म्हणजे छिद्राकडे जाणाऱ्या कातरलेल्या पट्ट्याच्या, कडेला मी वाकून एक काडी ओढली. ती सुटेना. जमिनीलगत लांब धावलेली, कांड्याकांड्याला मुळं धरलेली, टोकाला तीन-चार बारीक पाती. मी ती बोटांत धरून बघत राहिले. ही हरळी होती. आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. आमच्या आजोबांच्या मोहोळकडच्या शेतात ही निघावी म्हणून नांगरटीनंतर बायका पाठ मोडेपर्यंत तिच्या काश्या, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, वेचायच्या, बांधावर वाळवून जाळायच्या, तरी पहिल्या पावसाला पुन्हा डोकं वर काढायची. आणि इथं तिची लावण केलेली, यंत्रानं कातरलेली, रात्री पाणी दिलेलं.

“अक्का, काय करूलालीस तिथं?” धाकटा लांबून ओरडला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून आपली बोली अशी सहज निघालेली ऐकून मी दोन क्षण उत्तरच दिलं नाही. मग हातातली काडी दाखवली. तो जवळ आला, त्यानं ती घेतली आणि म्हणाला, “आजोबांनी बघितली असती तर कुदळ मागवली असती.”

साहेबाच्या भाषेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, आणि उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर तिच्याच संकरित जाती लावतात. कारण ती उन्हाला भीत नाही, कमी पाण्यात तग धरते, तुडवली तरी पसरते. थंडीत ती पिवळी पडते, म्हणून हिवाळ्यात वरून राय गवताचं बी टाकून मैदान हिरवं ठेवतात. इंग्लंडमधून लोक जानेवारीत घर बघायला येतात तेव्हा त्यांना दिसणारी हिरवळ ही बऱ्याचदा अशी पेरलेली असते. म्हाताऱ्यानं (धाकटा दुभाषी होता) आणखी एक गोष्ट सांगितली. तिथल्या पाइपांमधून येणारं पाणी गावाच्या सांडपाण्याचं आहे, शुद्ध केलेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या अनेक मैदानांना असंच पाणी मिळतं. पिण्याच्या पाण्याचा थेंब गवताला नाही, हे तो अभिमानानं सांगत होता आणि तो अभिमान मला पटला. आपल्या शहराचं सांडपाणी कुठं जातं हे आपण सगळे जाणतो. ते शुद्ध होऊन बागांना, दुभाजकांवरच्या झाडांना, रेल्वेच्या डबे धुवायला गेलं, तर नळाला येणारं पाणी किती वाचेल याचा हिशेब मी विमानात बसूनही मांडत होते.

तरी प्रश्न उरतोच. मैदानाला सांडपाण्याचं, पण मैदानाभोवतीच्या शेकडो बंगल्यांना, त्यांच्या तरणतलावांना, बागांना पाणी कुठून? हे दलालाला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, नळाला चोवीस तास येतं.” ते खरंही होतं. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या बाईनं ते ऐकून गप्प बसावं अशी त्याची अपेक्षा असावी. पण नळाला येतं हे उत्तर कुठून येतं या प्रश्नाचं नाही. उजनीपासून शंभरावर किलोमीटर पाइप टाकून आमच्याकडे पाणी आणतात. पाइप कुठं फुटला, वीज कुठं गेली, धरण किती ‘मायनस’मध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही किती खाली आहे, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, तेव्हा गावात दुसरा विषय नव्हता. पाण्याचा ठावठिकाणा माहीत नसताना मला घर पुरतं कळत नाही.

त्याचं उत्तर डोंगरावर मिळालं.

किनाऱ्यावरच्या मार्बेया शहराच्या मागे ला कोंचा नावाचा डोंगर आहे, १,२१५ मीटर उंच. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे उंची नुसत्या आकड्यापेक्षा जास्त जाणवते. ओहेन गावाच्या वरून हुआनारच्या बाजूनं वाट जाते. आधी पाइनच्या झाडांतून, मग ऑलिव्हच्या जुन्या बागेशेजारून, मग उघड्या चुनखडीवरून. भावजय पुढे, मी मधे, धाकटा मागे. सोलापूरकराला डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट, पण रात्रभर अनवाणी तुळजापूरला चालत जाणारे पाय कुठंही चालतात. शेवटच्या टप्प्यात हात टेकावे लागले. रोझमेरीचा वास हातांना लागला. एका कड्याच्या सावलीत बसून आम्ही कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणी तेलात कालवून खाल्ली. दोन स्पॅनिश मुली शेजारी बसल्या होत्या, त्यांनाही दिली. त्यांनी त्यांचे वाळवलेले अंजीर दिले.

माथ्यावरून दक्षिणेला समुद्र, त्यापलीकडे आफ्रिकेच्या डोंगरांची पुसट रेघ. सगळे लोक तिकडे बघत होते, फोटो काढत होते. भावजयीनं माझा खांदा धरून मला पश्चिमेकडे वळवलं. खाली इस्तान गावाजवळ कोन्सेप्शियोनचं धरण होतं. हिरवट निळं पाणी आणि त्याच्याभोवती उघड्या मातीचा फिकट पट्टा, पाणी उतरल्यावर उरतो तो. हा पट्टा मी उजनीच्या काठावर, भिगवणजवळ, दरवर्षी बघते. त्याच नजरेच्या टप्प्यात खाली किनाऱ्यावर गोल्फ मैदानांचे हिरवे तुकडे, आणि घरोघरच्या तलावांचे निळे ठिपके, मोजता येऊ नयेत इतके. दलालाच्या नकाशावर जे कुठंच नव्हतं ते सगळं इथं एकाखाली एक लागलेलं होतं: डोंगर पाऊस अडवतो, धरण तो साठवतं, किनारा तो पितो. शिवाय मार्बेयात समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, म्हणजे धरण पुरत नाही हे तिथल्या लोकांनी फार आधीच ओळखलेलं.

मालागाच्या पूर्वेकडे, आक्सार्किया भागात, तर हे सगळं उघड्यावर येऊन गेलं. तिथल्या उतारांवर गेल्या काही दशकांत आंबा आणि अवोकाडोच्या बागा वाढल्या. २०२४च्या सुरुवातीला त्या भागाचं मोठं धरण, ला विन्युएला, ८ टक्क्यांच्या खाली आलं. काही गावांत रात्री नळ बंद ठेवले, बागांवर कुऱ्हाड चालवायची वेळ आली. पुढं २०२५च्या वसंतात पाऊस झाला आणि धरणं वर आली. पाऊस बेताचा आणि लहरी, त्यात तहानलेलं पीक आणि खाली वाढणारं शहर. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

तिथल्या जुन्या लोकांना पाणी समजत होतं. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर, आल्पुहारात, मध्ययुगातल्या मुसलमान शेतकऱ्यांनी खोदलेले पाट अजून वाहतात. वितळलेल्या बर्फाचं पाणी ते डोंगराच्या अंगानं आडवं नेतात आणि मुद्दाम मुरू देतात, म्हणजे खालच्या झऱ्यांना ते उशिरा, ऐन उन्हाळ्यात फुटतं. पाटाची साफसफाई गावानं मिळून करायची. हे ऐकताना मला सिद्धरामेश्वर आठवले. बाराव्या शतकात त्यांनी लोकांना बरोबर घेऊन सोलापुरात तलाव खोदला, आणि आज त्याच तलावात सिद्धेश्वराचं देऊळ आहे. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला लाखो लोक येतात. त्या सगळ्याच्या मुळाशी एका कोरड्या मुलखात मिळून केलेलं पाण्याचं काम आहे, हे मला वयाच्या या टप्प्यावर जास्त जाणवतं.

आणि कामिनितो देल रे. ही वाट आता जगप्रसिद्ध झाली आहे. ग्वादालोर्से नदीच्या अरुंद घळीत, पाण्यापासून शंभरेक मीटर उंचीवर, कड्याला ठोकलेली मीटरभर रुंदीची फळ्यांची वाट. डोक्यावर हेल्मेट घालून लोक रांगेनं जातात. ती सहलीसाठी झालेली नव्हती. १९०१ ते १९०५ या काळात, दोन जलविद्युत केंद्रांमधल्या कालव्याची देखभाल करणाऱ्या कामगारांना जाता यावं म्हणून ती बांधली. १९२१ साली राजा तेरावा अल्फोन्सो धरणाच्या कामासाठी आला, तिच्यावरून चालला, आणि नाव राजाचं पडलं. पुढे ती ढासळली, माणसं पडून मेली, बंद झाली, आणि २०१५च्या मार्चमध्ये नवी होऊन उघडली. नव्या फळ्यांखाली जुनी, भोकं पडलेली वाट अजून दिसते. मी खाली बघत चालले ते तिच्यासाठी. पाण्याची राखण करायला माणसं एवढ्याशा कठड्यावरून रोज कामाला जात होती.

वाटेचा हक्क हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. शेतात जायला रस्ता नाही म्हणून तहसीलदारापुढे जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ कलमाचे अर्ज, आणि वहिवाटीची वाट अडवली म्हणून १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचे दावे, हे मी किती चालवले असतील. म्हणून स्पेनचा १९८८चा किनारा कायदा समजून घेताना मला फार आनंद झाला. तिथं समुद्रकिनारा राज्यघटनेनंच सार्वजनिक ठरवला आहे, कुणाच्याही सातबारावर तो येऊ शकत नाही. त्याच्या आतली १०० मीटरची पट्टी संरक्षित, आधीच वसलेल्या भागात २० मीटर. आणि त्यातले समुद्राकडचे ६ मीटर पायी जाणाऱ्यांसाठी कायम मोकळे ठेवायचे. कोट्यवधींचा बंगला असो, त्याच्यासमोरून कोळी जाणार, म्हातारी जाणार, मीही जाणार. सगळीकडे हे पाळलं जातं असं नाही, पण पूर्ण किनाऱ्यावरून चालत जाता यावं म्हणून मालागा जिल्ह्यानं लाकडी वाटा जोडत आणल्या आहेत. फुएंगिरोलाच्या बाजूला आम्ही त्यावरून संध्याकाळी चालत असू.

त्याच वेळी गावात भिंतींवर पत्रकं दिसायची. २०२४च्या जूनमध्ये मालागा शहरात हजारो लोक घरभाड्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. हॉटेलात काम करणाऱ्या मुलीला त्याच शहरात खोली परवडत नाही, कारण खोल्या सहलवाल्यांना दिल्या जातात. आता नव्यानं घर पर्यटकांना भाड्यानं द्यायचं तर सोसायटीत तीन-पंचमांश संमती लागते. धाकट्यानं सुरुवातीला हिशेब मांडला होता तो असाच, आपण नसू तेव्हा भाड्यानं देऊ. मी त्याला विरोध केला आणि जोरात केला. वर्षातले निम्मे दिवस आपण जिथं पाहुणे, तिथं उरलेले निम्मे दिवस दुसरे पाहुणे आणून ठेवायचे, मग त्या जिन्यात राहायचं कुणी? भावजय माझ्या बाजूनं होती. त्या रात्री जेवताना तिघेही कमी बोललो.

मग मी त्याला विचारलंच, साखर पेठेतल्या घराचं काय? तिथं ऊन आहे, अंगण आहे, आई-बापाचं आहे. तो बराच वेळ थांबून म्हणाला, “अक्का, माझी मुलं तीन तासांत मालागाला येतील. सोलापूरला कधी येतील, सांग. माझे मित्र आता तिथलेच आहेत. मला सोलापूर हवंय, पण मला तिथं सोबत नाही.” हे खरं होतं आणि त्याला ते बोलायला जड गेलं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

घर शेवटी मिहास गावात, डोंगराच्या कुशीतल्या जुन्या वस्तीत ठरलं. चुन्यानं पांढरं केलेली भिंत, दोन खोल्या, मैदान दिसत नाही, मैदानावर जायला वीस मिनिटं गाडीनं. मागच्या बोळातूनच डोंगराची वाट वर चढते. बोज्याचा रकाना कोरा होता. सोसायटीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त मी मागून घेतलं आणि धाकट्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. त्यात टाकीची दुरुस्ती, पाण्याचं बिल आणि गळती यांवर दोन पानं होती. पाण्यावर भांडणारी सोसायटी मला भरवशाची वाटली. विसार दुपटीच्या अटीसह लिहून घेतला.

परत आल्यापासून माझ्याकडे कोकणातल्या जमिनीचे कागद घेऊन येणारे वाढलेत. सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं २०२५च्या जूनमध्ये, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग तर आपल्या दारावरूनच जातो. वेंगुर्ला, मालवण, गुहागर, दापोली. समुद्र दिसणारे वीस गुंठे हवेत. शेतकरी असल्याचा दाखला आहे का, इथून मी सुरुवात करते. मग सातबारावरची नावं: कोकणात सामाईक क्षेत्राच्या उताऱ्यावर वारसांची रांग असते, त्यातले अर्धे मुंबईत आणि एखादी आत्या हयात आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. कुळाची नोंद, खासगी वनाचा शेरा, भरतीरेषेपासूनचं अंतर आणि २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ते गाव कुठल्या वर्गात मोडतं, हे सगळं बघून होतं. हल्ली मी त्यात दोन प्रश्न घालते. विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं ते स्वतः मे महिन्यात जाऊन बघितलंत का? आणि या जमिनीतून समुद्राकडे, देवळाकडे, स्मशानाकडे गावाची वाट जाते का? जात असेल तर मोजणीच्या नकाशावर ती आखून घ्या आणि खरेदीखतात लिहा की ही वाट गावाची आहे व राहील. काही जण कुरकुरतात. किंमत देऊन वाट सोडायची म्हणजे काय, असं म्हणतात. परवा एकानं मात्र लिहून घेतलं, तीन हात रुंद, पूर्व हद्दीनं. मसुदा टंकायला दिलाय.

आणि साखर पेठेतलं घर. धाकट्यानं हक्कसोडपत्र करून द्यायची तयारी दाखवली होती. ते करायला मी नकार दिला. त्याचं नाव उताऱ्यावर राहू दे. त्याऐवजी त्यानं पैसे पाठवलेत, परसातल्या आडासाठी. वडिलांनी नळ आल्यावर त्यावर फरशी टाकली होती, तेव्हापासून तो झाकलेला आहे. गवंड्यानं फरशी सरकवून दोर सोडला. पाणी लागलं, पण वर गाळ आहे. गाळ काढणं, कडेची दगडी बांधणी सांधणं, वर लोखंडी जाळी, आणि पत्र्यावरचं पावसाचं पाणी गाळून आडात सोडायला पन्हळ, एवढं काम ठरलंय. मजूर पाडव्यानंतर मिळत नाहीत, म्हणून त्याआधी उरकायचं आहे.